कानाची पाळी

नववी ‘ब’ला आनुवंशिकता शिकवताना हिमानी मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. आई-वडील दोघांच्या कानाची पाळी चिकटलेली असेल, तर मुलाची पाळी सुटी असूच शकत नाही.

वाक्य तितकं खरं नाही, हे तिला माहीत होतं. प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली बाई ती. पाळीचा आकार एकाच जनुकावर ठरत नाही, त्यात बऱ्याच जनुकांचा हात असतो, आणि कितीतरी लोकांची पाळी धड सुटीही नसते नि धड चिकटलेलीही नसते, हे सगळं तिने वाचलेलं होतं. पण वर्गात बासष्ट पोरं आणि तास पस्तीस मिनिटांचा. मुलांना ठाम वाक्य लागतं, असं तिचं मत होतं. ‘साधारणपणे’ म्हटलं की जरीपटक्याच्या बाजाराचा गलका खिडकीतून आत येतो आणि वर्ग हातचा जातो.

घरी करायला तिने तक्ता दिला. घरातल्या प्रत्येकाचे कान पाहा आणि नोंद करा.

दुसऱ्या दिवशी गार्गीची वही सगळ्यांत नेटकी होती. प्रत्येक नावापुढे तिने पेन्सिलीने कानही काढले होते. आई प्रेमिला, चिकटलेली. बाबा जितेंद्र, चिकटलेली. मी, सुटी.

मागच्या बाकावरच्या दुर्गेशने मान लांब करून ते वाचलं, एकदा फळ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मॅडम, मंग हे कोनाची व्हय?”

वर्ग हसला. कोणीतरी “चूप बे” म्हटलं आणि तोही हसला. हिमानीने डस्टर टेबलावर आपटलं, पण तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, आणि ते गार्गीला दिसलं हे तिला कळलं. त्या अवघडलेपणातच तिने लाल पेनाने तक्त्याखाली शेरा मारला. ‘नियमाविरुद्ध आहे. पुन्हा निरीक्षण कर.’

“नियमात चूक नाही,” ती म्हणाली, “तुझ्या पाहण्यात आहे.”

तिसऱ्या दिवशी गार्गीचे वडीलच वही घेऊन आले. हेडसर दत्तोपंतांनी हिमानीला खोलीत बोलावून घेतलं. शिक्षण सेवक म्हणून तिची तीन वर्षं त्याच महिन्यात संपत होती, आणि तिला कायम करण्याचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

जितेंद्र खुर्चीच्या कडेवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. आवाज अगदी शांत.

“मॅडम, मी आयटीआयवाला मानूस. खापरखेड्याले प्लांटात मीटर पाह्यतो. पोट्टीनं मले दोनदा ट्यूबलाइटखाली बसवलं, कान ओढून पाह्यले. म्हने मॅडमनं परत पाह्याले सांगतलं. हे लाल अक्षर तुमचं का?”

“हो.”

“मंग हे खरं हाय का?”

“हा साधारण नियम आहे.”

“साधारण मंजे? काटा शंभरावर असते, नाई तं नसते. हो म्हना, नाई तं नाई म्हना.”

“अहो, मॅडम एमएस्सी आहेत,” हेडसर म्हणाले. “आमच्या शाळेत चुकीचं शिकवत नाहीत.”

हिमानीची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

जितेंद्र चिडला नाही. उलट त्याचा चेहरा मोकळा झाला. व्हरांड्यात तो तिच्यासाठी थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “पोट्टी झाली त्याच्या आधीच्या साली मी चंद्रपूरले होतो, कामावर. चौदा वर्षं मले वाटून राह्यलं, आपनच पागल होऊन राह्यलो का. बरं झालं मॅडम, तुमी शिकवलं.” त्याने हात जोडले आणि गेला. आत हेडसर म्हणत होते, पालकांनी असंच अभ्यासात लक्ष घातलं पाहिजे.

शनिवारी प्रेमिला गार्गीला घेऊन तिचा दाखला काढायला आली. मायलेकी काटोलला मामाकडे निघाल्या होत्या. फाटकापाशी तिने हिमानीला अडवलं.

“मॅडम, ते कानाचं खरंच असते का?”

हिमानीने तिला सगळं सांगितलं. वर्गात कधी शिकवलं नव्हतं इतकं नीट सांगितलं. अशा जोडप्यालाही सुट्या पाळीचं मूल होऊ शकतं. कानावरून बाप ठरत नाही. त्यासाठी डीएनए तपासतात.

“हे तुमाले तवा मालूम होतं?”

“होतं.”

“मंग काहून नाई सांगतलं वं?” मॅडम म्हणायचं ती विसरली होती.

हिमानीने हातातला खडूचा डबा फाटकाशेजारच्या कठड्यावर ठेवला. तेव्हा प्रेमिलाने लेकीचे मोकळे सोडलेले केस कानामागे सारले. डाव्या पाळीखाली गालाची कातडी दोन बोटं रुंद सोलून निघाली होती. कडेला पिवळी खपली धरली होती.

“चप्पल चिकटवाचा गोंद लावला इनं,” प्रेमिला म्हणाली. “पाळी गालाले दाबून धरली. बापापुढं जाऊन उभी राह्यली, म्हने बाबा, पाहा, चिकटली. त्यानं पकडून ओढली. म्हने, पाह्य, सुटीच हाय.”

गार्गी जमिनीकडे पाहत होती.

“टेस्ट कर म्हनलं तं म्हनते, मॅडमनं सांगतलं, आता कायची टेस्ट? हेडसर हाय ना आतमंदी? त्याइच्यापुढं एक डाव म्हना, चुकलं मनून. लिहून द्या. मी त्याले कागद दाखवीन.”

हेडसरांच्या खोलीचं दार उघडं होतं. पाठमोरे बसून ते चहा पीत होते. फाटकापासून तिथवर वीस पावलंही नसतील. कागदावर अजून सही झालेली नव्हती.

“सर आज कामात आहेत,” हिमानी म्हणाली. “सोमवारी या.”

“सोमवारी आमी इथं नाई राहत.”

“मग पोस्टाने पाठवते.”

प्रेमिला तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. पत्ता तिने सांगितला नाही, हिमानीनेही विचारला नाही. घंटा झाली. हिमानीने खडूचा डबा उचलला.

“पाणी लागू देऊ नकोस त्याला,” ती गार्गीला म्हणाली, आणि आठवी ‘अ’च्या तासाला गेली.