राहता फोन

तनुजानं लग्नपत्रिकेच्या फाईलला पासवर्डचं कुलूप घातलं, ती पेन ड्राइव्हवर उतरवली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या लॅपटॉपमध्ये सोडली. हा लॅपटॉप म्हणजे कोठडीच. त्याला ना इंटरनेट, ना वायफाय. आत गेलेलं काही बाहेर यायची सोय नाही. पुण्याच्या कंपनीकडे संशयास्पद फाईली यायच्या आणि तनुजा खेड्यात, केनवडला, सासरच्या माडीवर बसून, त्या कोठडीत काय धिंगाणा घालतात ते बघायची.

ही फाईल मात्र घरातूनच आली होती. सासरे उत्तमराव म्हणजे भाजीवाल्यांच्या ग्रुपवरचं वजनदार माणूस. "कोनाचं लगन हाय बाप्पा," म्हणत त्यांनी पत्रिकेला बोट लावलं, आणि त्यांच्याच नावानं ती अख्ख्या तालुक्याला गेली. सून व्हायरस पकडते अन् सासरा घरोघर वाटतो! गावानं हसून घेतलं. आता ती फाईल आत जाऊन नेमकं काय करते, याचा रिपोर्ट कंपनीला आजच हवा होता.

लॅपटॉपच्या आत एक खोटा, नुसत्या पडद्यावर चालणारा फोन होता. तनुजानं त्यात पत्रिका उघडली. गणपती दिसला, फुलांची नक्षी दिसली, आणि पुढे काहीच नाही. फाईल ढिम्म.

तिनं पुण्याला वरिष्ठ समीक्षाला फोन लावला.

"बेरकी आहे ती," समीक्षा म्हणाली. "आधी बघते, या फोनमध्ये खरंच कोणी राहतं का. फोन कोरा दिसला की समजते, आपल्याला पकडायला बसलेत. तू त्याला राहता कर. कॉल, मेसेज, फोटो भर."

"बरं."

"आणि एक तारखेचं काय ठरलं? आता सगळ्यांनी ऑफिसात बसायचंय. नाहीतर मला तुझा राजीनामा मागावा लागेल, तनुजा. तुझ्यासारखं माणूस मला सोडायचं नाहीये गं."

"सांगते."

हे 'सांगते' ती कितीदा म्हणाली असेल! घरात 'नाही' असं कोणी म्हणालंच नव्हतं, तिथंच तर सगळं अडलं होतं. नवरा गणेश गरीब गाय. तो म्हणाला, "आईले इचार." सासूबाई, सीताबाई म्हणाल्या, "कायले जा लागते माय? इथं चहा बी वर येते तुले. पुण्यात कोन आनून देईन?" खरंच होतं ते. चहा वर यायचा, जेवण वर यायचं, साबणापासून औषधापर्यंत सगळं गणेश आणायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडायची तिला गरज म्हणून पडू दिली नव्हती कोणी. भांडावं तरी कोणाशी?

तिनं आपल्याच फोनची नक्कल काढली. नावं-नंबर बदलले, कोणाला किती कॉल, कोणाचा केव्हा मेसेज, ते जसंच्या तसं ठेवलं. ती कोठडीत घातली आणि पत्रिका उघडली.

गणपती. फुलं. ढिम्म.

तनुजानं फाईलच्या पावलांचा माग काढला. फाईलनं कॉल चाळले होते: ऑफिस, गणेश, ऑफिस, गणेश. मेसेज चाळले होते: नुसते ओटीपी. फोटोंमध्ये कामाच्या पडद्याचे तुकडे आणि खिडकीतून काढलेलं आभाळ. माणूस एकही नाही. एवढं बघून फाईलनं आपला निकाल देऊन टाकला होता. इथं कोणी राहत नाही.

तनुजाला आधी हसू आलं. मग ते हसू कुठं गेलं कोण जाणे. एका चोरट्या फाईलचं म्हणणं ते काय मनावर घ्यायचं, असं ती स्वतःला बजावत राहिली, पण डोळे काही ऐकेनात. पदरानं तोंड पुसून ती खाली उतरली.

सीताबाई तालुक्याचा, मालेगावचा बाजार करून नुकत्याच आल्या होत्या आणि ओसरीवर उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

"आई, तुमचा फोन द्या ना जरा."

"कायले वं? तुह्या सासऱ्यावानी म्या कुठी बोट लावलं नाई, सांगून ठेवतो."

"तसं नाई. कामासाठी पाह्यजे."

काच तडकलेला तो फोन तिनं वर नेला, त्याचीही तशीच नक्कल काढली. बाप रे, काय तो पसारा! ऑटोवाले भिवाजी, खानावळवाले, रिठदची बहीण, बाजारातल्या साऱ्या बाया. राँग नंबर लागला, तर त्याच्याशीही बाई घटकाभर बोलल्या होत्या. फोटोंत कोणाचं वासरू, कोणाचं बारसं, एस्टीच्या खिडकीत बसून काढलेला स्वतःचाच अर्धा चेहरा.

पत्रिका उघडली, आणि गणपती दिसायच्या आत फाईल जागी झाली. मेसेज उचलले, नंबर गोळा केले, घराघरात शिरायला धावली आणि कोठडीच्या भिंतीवर धडकत राहिली. तनुजानं सगळं टिपलं, रिपोर्ट पाठवला.

समीक्षाचा लगेच फोन. "झकास! पण पहिला डेटा कुठून उचललास गं? अगदीच बनावट. मीसुद्धा ओळखला असता."

"तो माझा होता."

"अगं, मला तसं..." समीक्षा सावरायला लागली.

"सोमवारी येते मी," तनुजा म्हणाली.

ती खाली आली, फोन सीताबाईंच्या समोर ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलली.

"आई, सोमवारी मी पुण्याले चालली. नोकरीवर."

जुडीवर दोरा गुंडाळणारा हात थांबला.

"इचारून राह्यली का सांगून राह्यली?"

"सांगून राह्यली."

सीताबाईंनी दोऱ्याला गाठ मारली.

"तं मंग एस्टीनं एकटीच जाय. गनेशले सोडाले सांगू नोको. मालेगावातूनच वापस आनन तो तुले."