आईचं शिक्षण

"आई, सरळ ग्रॅज्युएट लिहू या ना! सर्टिफिकेट कोण मागणारे?" लॅपटॉप मांडीवर घेऊन पूर्णिमा म्हणाली.

लग्नाच्या बायोडेटात 'आईचे शिक्षण' असा एक रकाना असतो. मुलगी पसंत पडायची तर आईलाही पास व्हावं लागतं, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही.

"झालं नाही ते लिहायचं नाही," ललिता म्हणाली. "अंडरग्रॅज्युएट लिही. कॉलेजात गेले होते, एवढं तरी कळेल."

पुढच्या रविवारी पाहुणे खडकीला आले. पृथ्वीराज अमेरिकेत शिकून हिंजवडीत नोकरीला लागलेला. सोबत त्याची आई, प्रेमलाबाई. मुलगा लाघवी होता, पूर्णिमाला आवडलाही होता. ललिताला सकाळपासून एकच धास्ती होती, की आपल्या अर्धवट शिक्षणाचा विषय निघेल आणि पोरीला मान खाली घालावी लागेल.

पोह्यांची बशी हातात घेत पृथ्वीराज म्हणाला, "काकू, बायोडेटा वाचला. या वयात डिग्री करताय, ग्रेट! कितव्या इयरला आहात?"

पूर्णिमाचे वडील महिपती खिडकीबाहेर बघायला लागले. "हो, म्हणजे ती बाहेरून..." पूर्णिमाने घाईने सुरुवात केली.

"सेकंड इयरला," ललिता म्हणाली. "जरा जास्तच वर्षं रेंगाळले, इतकंच."

आधी हसल्या त्या प्रेमलाबाई. "अरे, तुमच्या अमेरिकेत डिग्री करत असलेल्याला अंडरग्रॅज्युएट म्हणतात. आपल्याकडे राहून गेलेल्याला."

पृथ्वीराजचे कान लाल झाले. "सॉरी काकू. पण का सोडलंत?"

असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. ललिता उत्तर जुळवत होती, तोच महिपती बोलले. आयुष्यभर दारूगोळा कारखान्यात नोकरी करून हा माणूस घरात मोजकंच बोलायला शिकला होता.

"तिनं नाही सोडलं. लग्नानंतर फी भरायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष मी काही येऊ दिलं नाही."

ललिताला वाटायचं, हे वाक्य फक्त आपल्यालाच आठवतं. तिला राग आला, रडूही आलं, आणि चहा गाळायचं निमित्त करून ती आत गेली.

निघताना प्रेमलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मुलगी पसंत आहे. पुढचं बोलायला आता आमच्याकडे यायचं आपण."

पूर्णिमा त्यांना पोचवायला खाली गेली. घरात दोघंच उरली.

"मुक्त विद्यापीठाला वयाची अट नसते म्हणे," महिपती म्हणाले.

"अहो, घरात लग्न निघालंय आणि मी काय परीक्षेला बसू? पुढच्या वर्षी ब..."

तिनं जीभ चावली.

महिपतींनी कपबश्यांचा ट्रे उचलला आणि ते स्वयंपाकघरात गेले. नळ सुटला, पाठोपाठ बशी आपटल्याचा आवाज आला. सवयीने ललिता अर्धी उठली. मग पुन्हा खुर्चीत टेकून बसली.