काजळीच्या रानातला दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. लोक मला गेट म्हणतात आणि मला ते आवडत नाही. खरं सांगू का मित्रांनो, मला लोकच आवडत नाहीत.

कोरेगाव भीमाच्या एका वेल्डिंगच्या दुकानात भंगारातल्या पाइपांपासून माझा जन्म झाला. जयसिंग आबांनी मला कासुर्डीकडच्या डोंगराच्या पायथ्याला, आपल्या रानात उभं केलं. मला हिरवा रंग दिला, तेव्हा येणारा-जाणारा कौतुक करायचा. आता रंग उडालाय आणि बिजागऱ्यांना कुणी तेल घालत नाही. मी करकरतो, ते दुखतं म्हणून.

माझ्यातून एक पायवाट डोंगरावर जाते. वर चुना दिलेला एक क्रूस आहे. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी राहूकडचे ख्रिस्ती लोक पहाटे निघतात आणि गाणी म्हणत, ठिकठिकाणी थांबून प्रार्थना करत तिथवर चालत जातात. माझ्यापाशी ते पाणी पितात आणि प्लास्टिकचे ग्लास तिथेच टाकून वर चढतात. देवाकडे निघालेल्या माणसांना मागे वळून बघायला सवड नसते.

गेल्या वर्षी यात्रेनंतर थोड्याच दिवसांत आबांची म्हैस मेली. डॉक्टरांनी तिच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा काढून दाखवला. आबांनी त्याच दिवशी मला साखळी आणि कुलूप घातलं. यंदा यात्रा आली तर मी बंद. मला बरं वाटलं.

"आबा, दर वर्साला हितनंच जातो आमी," सगळ्यांच्या पुढे चालणारा महेंद्र म्हणाला.

"जात व्हता. आता न्हाई. माझी म्हैस गेली तुमच्यापायी."

"सगळा कचरा आमचाच व्हता का?"

"मंग काय माझ्या बापाचा व्हता?"

महेंद्र तोंड फिरवून निघाला. दुसरी वाट डोंगराला लांब वळसा घालून जाते. त्याची आई भागुबाई तेवढं चालू शकत नव्हती, तिचे गुडघे सुजले होते. गेल्या पावसाळ्यात तिचा नवरा बन्सी वारला. वर्षभरात गेलेल्यांची नावं वर क्रूसापाशी घेतात, आणि बन्सीचं नाव घेताना तिथे असावं म्हणून ती एवढी चालत आली होती. बाकीचे गेले. ती माझ्यापाशी बसून राहिली.

"मावशी, बसून ऱ्हायला तरी उघडायचं न्हाई," आबा आतून म्हणाले.

"नका उघडू."

मग ती तारेत अडकलेले जुने ग्लास वेचून पिशवीत भरू लागली. त्यात केकचा एक पुठ्ठाही निघाला. त्यावर आबांच्या नातवाचं नाव होतं, सार्थक. तिने आबांकडे बघत तो झटकला आणि पिशवीत घातला. आबांनी मान वळवली. गेल्या वर्षी आबांच्या घरच्यांनी त्याच्या वाढदिवसाच्या उष्ट्या प्लेटाही माझ्याच अंगावर फेकल्या होत्या. म्हशीच्या पोटात कुणाचं काय गेलं, ते आता कोण सांगणार?

"म्हशीचं नाव काय व्हतं?" भागुबाईने विचारलं.

"कशाला? पोलिसात द्यायचंय व्हय?"

"वर गेलेल्यांची नावं घेत्यात."

आबा हळूच म्हणाले, "काजळी."

भागुबाईने महेंद्रला फोन लावला. "तुझ्या बापाच्या मागनं काजळीचं नाव घे."

"काजळी कोण?"

"घे म्हनलं ना."

दुपारी डोंगरावरच्या स्पीकरमधून बन्सीचं नाव आलं. त्यामागून काजळीचं आलं. भागुबाईने पदर तोंडाला लावला. आतल्या बाजूला आबा टोपी काढून उभे राहिले आणि बाहीने डोळे पुसू लागले. कुलपाची किल्ली त्यांच्या खिशातच होती. त्यांनी ती काढली नाही.

मित्रांनो, यात्रा असो की वाढदिवस, पाणी प्यायलात की ग्लास आपल्या घरी न्या. माझ्या बिजागरीला तेल नाही घातलंत तरी चालेल. त्या दुपारी ती बाहेर रडत होती, ते आत रडत होते, आणि मधे मी होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझाच राग आला.