दहा मिनिटांवरचं घर

घर बदलण्यात सगळ्यात मोठा फायदा होता घड्याळजींच्या मेहुण्याचा. बहीण दहा मिनिटांवर राहायला आली, की म्हाताऱ्या आईची दुपार तिच्या गळ्यात घालता येणार होती. म्हणजे आठवड्याच्या सहा दुपारी मोकळ्या. बहिणीचा फायदा जुन्या घराच्या बेचाळीस पायऱ्या टळण्याचा. तिच्या गुडघ्यांनी तो हिशेब केव्हाच मांडला होता. तिच्या नवऱ्याच्या, घड्याळजींच्या, वाट्याला मात्र काहीच येत नव्हतं. म्हणूनच की काय, त्यांना विचारायचं राहून गेलं.

जुन्या घराच्या गच्चीवर त्यांची मधमाशांची पेटी होती. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी माशांची ये-जा बघत बसायचं, एवढीच त्यांची चैन.

"माझ्याशी आयुष्यात बोलला नसाल एवढं त्यांच्याशी बोलता," बायको म्हणायची.

"त्या मधे बोलत नाहीत."

"दाजी, पेटी उचलायची नि नव्या घराच्या अंगणात ठेवायची," मेहुण्याने निकाल दिला. "जवळच तर आहे."

पहाटे घड्याळजींनी पेटीचं दार बंद केलं, ती कापडात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन सामानाच्या गाडीत बसले. उजाडल्यावर अंगणात दार उघडलं. माशा भराभर बाहेर पडल्या. दुपार झाली, परत कुणी येईना.

संध्याकाळी जुन्या घराच्या नव्या मालकाचा फोन आला. "काका, तुमच्या माशा इथे आल्यात. पेटी होती तिथेच कठड्याला लटकल्यात."

घड्याळजींनी त्या खोक्यात झाडून आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी निम्म्याच हाती लागल्या. मग त्यांनी पेटी विकणाऱ्याला फोन लावला.

"किती लांब नेलीत?"

"लांब कुठे? किलोमीटरभर."

"तिथेच घात केलात. पेटी हातभर सरकवावी, नाहीतर चार-पाच किलोमीटर पलीकडे न्यावी. एवढ्यातल्या एवढ्यात वाट ओळखीची असते. माशी जुन्याच घरी जाते."

उपाय होता. पेटी एक दिवस गच्चीवर परत ठेवायची, संध्याकाळी सगळ्या आत आल्या की दार बंद करून लांबच्या गावी त्या विकणाऱ्याकडे पोहोचवायची. तीन आठवड्यांत जुना पत्ता पुसला जातो. लागणार होता फक्त एक दिवस. पण नव्या मालकाच्या लेकीच्या पापणीला माशी चावली होती. तो दोनदा नाही म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

चौथ्या दिवशी घड्याळजी दुकानात गेलेच नाहीत. अंगणात पेटीला कान लावून बसले. आत राणी होती आणि अजून एकदाही न उडालेल्या कोवळ्या माशा; बाकी सगळ्या जुन्या कठड्यावर.

"अहो, दोन घास तरी खा."

"घरात आणणारं कुणी उरलं नाही गं," ते म्हणाले. कुणाच्या घरात, हे तिने विचारलं नाही. चपला घातल्या आणि निघाली.

बेचाळीस पायऱ्या चढायला तिला वीस मिनिटं लागली. दोनदा तर ती लहान मुलासारखी पायरीवर बसून वर सरकली. दारात मालकाने खुर्ची दिली, ती बसली नाही.

"एकच दिवस द्या. मुलीला उद्या माझ्याकडे पाठवा, हवं तर मी घेऊन जाते. माझ्या माणसाला मी असं कधी पाहिलं नाही हो."

मालक गोंधळला. "काकू, माझी हरकत नव्हती राहिली. पण तुमच्या भावानेच दुपारी फवारणीवाला पाठवला. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

गच्चीवरचा औषधाचा वास जिन्यापर्यंत आला होता.

तिने भावाला फोन केला. "अगं ताई, कटकट मिटवली," तो म्हणाला. "दाजी किती हेलपाटे घालणार? उद्या आईकडे येतेस ना?"

घड्याळजींनी कठड्याखालचा ढीग स्वतः झाडला, त्यांच्या मागे ती सुपली धरून. पुढच्या बारा दिवसांत साखरेचं पाणी ठेवूनही पेटीतला आवाज बंद पडला. मालकाच्या लेकीच्या पापणीची सूज उतरली. बायकोचा डावा गुडघा कायमचा गेला, आणि आता सपाट अंगणात येतानाही तिला भिंतीचा आधार लागतो. घड्याळजींची संध्याकाळ गेली. ती कुठे खर्च करावी हे त्यांना अजून सुचलेलं नाही. वाट ज्यांना पाठ होती, त्या माशा सगळ्या गेल्या.

मेहुण्याला सहा दुपारी मिळाल्या. फवारणीवालासुद्धा त्याच्या ओळखीतला होता. त्याने पैसे घेतले नाहीत.