फर्स्ट क्लासमधल्या वन्सं

दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि माझी त्याला जुळली, तेव्हापासून मी एकदम लाडकी झाले. परदेशात बसून वर्षानुवर्षं ज्यानं साधा फोन केला नाही, त्यानं मला फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं आणि न्यायला बायकोला धाडलं. एरवी अगं-तुगं करणारी वहिनी विमानतळावरच 'वन्सं, वन्सं' करायला लागली.

विमानात तर ताळच सुटला होता. खुर्चीचा पलंग होतो, हातात गरम टॉवेल येतो, हवाईसुंदरी गुडघे टेकून बोलते. पलीकडच्या गृहस्थानं मोजे काढून पाय उशीवर ठेवले होते आणि तोंडात घास असतानाच तो तिला दुसरी डिश आणायला सांगत होता. लोण्याचा, अत्तराचा आणि त्याच्या पायांचा वास एकत्र कोंदला होता.

माझ्यापुढे मात्र उकडलेल्या भाज्या आल्या. मिठाचा कण नाही.

"मी हे मागवलं नव्हतं," मी म्हटलं.

"मीच आधी कळवलं होतं," वहिनी म्हणाली. "आता तब्येत जपायला हवी ना, वन्सं. पाणी भरपूर प्या."

कोणाची तब्येत, ते तिनं सांगितलं नाही. ती माझ्या तोंडाकडे कमी आणि कमरेकडे जास्त बघत होती. पाहुणी कसली, मी नाजूक सामान होते. 'सांभाळून न्या' अशी चिठ्ठी तेवढी चिकटवायची राहिली होती.

तरी मी मुकाट्यानं गिळलं. दादा वाचायला हवा, हे मला खरंच हवं होतं. लहानपणी मी तापानं फणफणले तेव्हा त्यानंच मला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला होता.

जेवणं झाल्यावर हवाईसुंदरीनं अंथरूण घातलं. आडवी होताना मी सहज म्हटलं, "बरं झालं बाई. परतताना पोटाला टाके असतील, तेव्हा असं पडता आलं म्हणजे झालं."

वहिनी उगाच उशी चाचपत बसली. "परतीचं साध्या वर्गाचं आहे. तोवर तुम्ही बऱ्या व्हालच की. यांनी विचार करूनच काढलंय."

विचार करूनच! मला शिसारी आली. जाताना किडनी पोटात, म्हणून पलंग. येताना ती नसणार, मग कोंबा हिला कुठंही.

"वहिनी, ऑपरेशनआधी डॉक्टर मला एकटीला विचारणार आहेत, मनापासून देताय का म्हणून. काय सांगू त्यांना?"

तिचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं विमानातल्या वायफायवरून दादाला मेसेज केला. लगेच उत्तर आलं. सुटल्यासारखं हसत तिनं ते वाचून दाखवलं, "काय मागेल ते देऊन टाक."

फुकट देणार होते रे, असं ओरडावंसं वाटलं. पण गादी मऊ होती, आणि टाके आत्तापासूनच ओढल्यासारखे वाटत होते.

"मग परतीचंही हेच करू ना, वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"करा," मी म्हटलं, आणि सगळ्यात जास्त किळस मला माझ्याच आवाजाची आली. "खिडकीची जागा घ्या."