माझ्या हातचं मटण

“गार पाणी ओतू नको!” मी ओरडलो, तशी मंजुळाने पातेल्यावर धरलेला तांब्या मागे घेतला.

“कितला जीव काढतात! पाणीच तर आहे.”

“शिजत्या मटणात गार पाणी पडलं की ते आखडतं. मग संध्याकाळपर्यंत चावत बस. झाकणावरचं गरम पाणी घाल.”

मंजुळाने मला संसारात फक्त मटणापुरतं मोठं मानलं. बाकी सगळ्यात मी तिच्या लेखी शून्य, आणि तेही खोटं नाही. धुळ्याकडून सिल्वासाला आलो, प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या कंपनीत वीस वर्षं गोण्या उचलल्या. चार वर्षांपूर्वी कमरेची गादी सरकली, तेव्हापासून घरीच आहे. घर चालतं ते रोशनीच्या पगारावर. ती आमची एकुलती एक, एकोणतीस वर्षांची, पेनांच्या कंपनीत पॅकिंगला आहे.

आज तिच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. शिरपूरचे भगवंतआप्पा, त्यांच्या घरच्या नलिनीताई आणि मुलगा गोकुळ सकाळीच वापीला उतरून आले होते. गोकुळ सूतगिरणीत फिटर. मुलगी त्यांनी मागेच पसंत केली होती. “गोडधोड काही नको, सुकदेवभाऊ,” भगवंतआप्पा फोनवर म्हणाले होते, “तुमच्या हातचं मटण होऊ द्या. जेवू आणि सुपारी फोडू.” रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जवळच वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जायचं, असा बेत होता. त्यासाठी रोशनीने उद्याची सुट्टी टाकली होती.

याआधी तीन स्थळं येऊन गेली. हे चौथं हातचं जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. शपथेवर सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

बोकड मी दुधनीकडचा सांगून ठेवला होता. तिकडची जनावरं डोंगरातला पाला खातात, मटणाला वास वेगळाच असतो. सीना म्हणजे छातीचं आणि चाप म्हणजे बरगडीचं मटण घेतलं, थोडी गर्दन घेतली. नुसती हळद, आलं-लसूण लावून मंद आचेवर ठेवलं. कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर धरून काळी होईपर्यंत भाजली. मिक्सरला मी हात लावत नाही. कमर दुखत होती तरी पाट्यावर बसून वाटण केलं. मसाला तेलात इतका परतला की तेल वेगळं झालं. शेजारच्या स्नेहलने दारातूनच विचारलं, “काका, आज काय आहे?” मी म्हटलं, “आज आमच्या रोशनीचं आहे.”

पाव्हणे जेवायला बसले. आधी वाटीतून मटण शिजलेलं बिनमसाल्याचं अळणी पाणी दिलं, मग रस्सा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भगवंतआप्पांनी भाकरी चुरली, वरून तर्रीचा रस्सा घेतला आणि संपताच पुन्हा ताट पुढे केलं. स्वयंपाक्याला याहून मोठी शाबासकी नसते.

रोशनी वाढत होती. स्नेहलची मोरपंखी साडी तिला छान दिसत होती. गोकुळने मान वर न करता विचारलं, “तुमी पण इतलंच तिखट खाता का?”

“याच्यापेक्षा जास्त,” ती म्हणाली आणि खळखळून हसली.

मी माझ्या पोरीला असं हसताना कधी पाहिलं होतं, मला आठवेना. बापाला आनंद व्हायला हवा. मी मात्र हिशोब करू लागलो. ही आता जाणार. शिरपूरला जाणार. मग महिन्याच्या महिन्याला माझ्या गोळ्या कोण आणणार, खोलीचं भाडं कोण भरणार, मंजुळाला दवाखान्यात कोण नेणार? ती हसतच होती.

तेवढ्यात नलिनीताईंनी वाटी संपवून खाली ठेवली. “भाऊ, अळणी पाणी इतलं गोड आमच्याकडे उतरत नाही. काय करतात तुम्ही?”

“काही नाही ताई, घाई करायची नाही. मीठ शेवटी. पहिली उकळी आली की वरचा फेस काढून टाकायचा. आणि आच अशी, की पाणी नुसतं हललं पाहिजे.”

“कुठं शिकले हो?”

“शिकायचं काय, सहा महिने रोज करत होतो. खाटकाकडून रोज ताजी हाडं आणायची आणि—”

“रोज? कोणासाठी?”

इथे थांबता आलं असतं. माझ्या कमरेसाठी, एवढंच म्हणालो असतो तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. ते उत्तर मला सुचलंही होतं. पुढे अनेकदा मी स्वतःला समजावलं, की जिभेला हाड नसतं, बोलण्याच्या भरात निघून गेलं. पण ते उत्तर मला सुचलं होतं.

“रोशनीसाठी,” मी म्हणालो. “टीबीचं औषध चालू होतं ना तिचं.”

मंजुळाच्या हातातली पळी पातेल्यावर आपटली. रोशनी भाकरीची टोपली घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट ही. पूर्ण बरी झालेली पोर. ते कुठे बोलायचं नाही, असं आमचं घरात ठरलेलं होतं.

“आता काही नाही हां,” मी घाईने म्हणालो. “डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. दाखवू का कागद?”

“नको, नको,” भगवंतआप्पा म्हणाले. “आजार काय, कोणालाही होतो.”

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. जुना माणूस, अन्न टाकणारा नव्हे. नलिनीताईंनी हात धुतले. गोकुळ एकदा रोशनीकडे बघणार होता, पण आईकडे बघून थांबला. कुंकवाच्या ताटातली सुपारी तशीच राहिली. घरी जाऊन विचार करतो, मोठ्या भावाला विचारतो, कळवतो, असं ते दारात म्हणाले. सिंह पुढच्या वेळी बघू. चारची गाडी मिळेल.

“बठा ना, चहा तरी,” मंजुळा म्हणाली. ते बसले नाहीत.

रिक्षा वळून गेल्यावर ती आत आली. मला वाटलं ओरडेल, पण तिचा आवाज अगदी साधा होता.

“मागच्या पाव्हण्यांना पण तुम्ही हेच सांगितलं होतं.”

“विषय निघाला म्हणून—”

“कसा निघाला? तवा तर डाळ-बट्टी केलती आपण.”

मी पातेल्यावरचं झाकण सारखं केलं.

रोशनीने साडी सोडून घडी घातली, स्नेहलकडे देऊन आली. मग खिडकीशी उभी राहून तिने फोन लावला. “सर, कल की छुट्टी कॅन्सल कर दो. नहीं, कुछ नहीं हुआ. हां, फर्स्ट पाली में आ जाऊंगी.”

ते ऐकलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लाज वाटते, पण उतरला. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता घेतला मी. आता भूक लागली, सडकून लागली.

मी ताट घेतलं. भाकरी चुरली, वर रस्सा घेतला. मटण हाडापासून सुटून येत होतं. इतकं चांगलं माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. मंजुळा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. रोशनी मोरीत बसून पाव्हण्यांची ताटं घासत होती.

मी दोनदा मागून घेतलं. दोन्ही वेळा ती उठली, हात धुऊन पुसून आली, आणि मला वाढून परत मोरीत जाऊन बसली.