दार नसलेला नकाशा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या जरीपटका वस्तीत कुणालाही विचारा. तरी पियुष त्याच्या खेळाचे नकाशे माझ्याकडूनच काढून घेतो. दर रविवारी आम्ही त्याच्या घरी जमतो, टेबलावर एखाद्या काल्पनिक किल्ल्याचा नकाशा पसरतो आणि फासे टाकतो. पियुष गोष्ट सांगतो, विक्की आणि उन्नती त्या गोष्टीतले योद्धे होतात. नकाशाच्या प्रती दोन असतात. पियुषच्या प्रतीत सगळी गुपितं, खेळणाऱ्यांच्या प्रतीत एकही नाही.

मेघाही आमच्यात होती. तिचं पात्र आतून फितूर होतं आणि ते ऐन लढाईत उघड व्हायचं होतं. चार महिने तिनं ते गुपित जपलं, आणि मी समोसा खाता खाता बोलून मोकळी झाले. मेघा आपले फासे उचलून गेली ती गेलीच. पुढे सावनेरला नोकरीला लागली. सहा महिने तिनं माझा फोन घेतला नाही. चूक माझी होती, आणि मला तिची फार आठवण यायची.

शेवटी पियुषनं तिला मनवलं. आजच्या किल्ल्यात विहिरीमागे गुप्त कोठडी, आणि तिथं मेघाचं पात्र कैदेत. खरी मेघा सगळ्यांच्या आधी येऊन किचनमध्ये बसलेली, दार लोटून. तिनं पियुषला आधीच साफ अट घातली होती. "त्यायनं शोधलं तर थांबीन, नाही तर साडेसहाच्या बसनं वापस. अन् दीक्षानं तोंड उघडायचं नाही."

म्हणून खेळणाऱ्यांच्या नकाशात मी जीव ओतला. नुसती कोठडी पुसली की मधे कोरी जागा उरते आणि विक्कीची नजर तिथंच जाते, म्हणून तिथं खडक भरला. बाराव्या खोलीनंतर चौदावी आली तर तो तेरावी मागेल, म्हणून सगळे आकडे बदलले. सदर भागातल्या एका दुकानातून आठ कागदांवर छापून आणला, चिकटपट्टीनं जोडला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. चार वाजल्यापासून ते दोघं तीनदा विहिरीपाशी आले आणि तीनदा पुढे गेले. मी नखं कुरतडली, पाय हलवले, दोनदा उगाच उठून पंखा वाढवला.

"बस नं वं एका जागी," उन्नती वैतागली.

पियुष माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. घड्याळात सहा वाजले.

"इथं काहीच नाही गा," विक्की म्हणाला. "चला, निघू किल्ल्यातून."

मी पाणी आणायचं निमित्त करून किचनमध्ये शिरले. मेघा सिलिंडरशेजारी स्टुलावर बसली होती, पर्स खांद्याला लावून.

"कुठी आहेत?" तिनं हळूच विचारलं.

"बाहेर निघून राहिले."

"तू काही बोलली नाही?"

"एक शब्द नाही. शपथ."

मला वाटलं, आता तरी ती खूश होईल. तिचे डोळे भरून आले.

"काहून नाही बोलली वं? दोन घंट्यापासून कान लावून बसली मी. म्हटलं, दीक्षाले राहवणार नाही. आता बोलनच."

मी ग्लास तिथंच ठेवला, बाहेर आले आणि त्या खडकावर बोट टेकवलं.

"इथं कोठडी आहे. मेघा आहे आत."

पियुषनं कपाळावर हात मारून घेतला. "झालं! सांगितलं हिनं!"

"मेघा? कोणती मेघा?" उन्नती उभी राहिली.

किचनच्या दारावर आतून थाप पडली. विक्की दाराकडे बघतच राहिला, हातातले फासे तसेच.

"बघून काय राहिला गा," मी ओरडले, "उघड नं!"